खडबडीतपणाचे भाषांतर : इंग्रजी स्पर्शविशेषणे आणि आइसलँडिक भाषा

भाषांतरमीमांसेत 'अननुवाद्य' शब्दांची उदाहरणे बहुधा धर्म, तत्त्वज्ञान किंवा नातेसंबंध या क्षेत्रांतून दिली जातात. स्पर्शाच्या क्षेत्राकडे सहसा लक्ष जात नाही. हाताला जे खरखरीत लागते ते कोणाच्याही हाताला तसेच लागणार, तेव्हा त्याचे नाव एका भाषेतून दुसरीत नेण्यास अडचण ती कोणती, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक कितपत टिकते, याची तपासणी इंग्रजी आणि आइसलँडिक या दोन भाषांच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दोन्ही भाषा जर्मानिक कुळातील, म्हणजे एकमेकींच्या दूरच्या बहिणी. त्यामुळे येथे दिसणारा फरक केवळ कुलभेदाच्या माथी मारता येत नाही. (आइसलँडिक शब्द येथे उच्चाराला जवळ जाईल अशा रीतीने देवनागरीत दिले आहेत.)

१. एक शब्द, अनेक वस्तू

इंग्रजीतील 'रफ' या विशेषणाचा संचार विलक्षण मोठा आहे. त्वचा, कापड, समुद्र, जमीन, आवाज, अंदाज, मसुदा आणि माणसाची वागणूक हे सारे 'रफ' असू शकते. आइसलँडिकमध्ये या प्रत्येक ठिकाणी वस्तू कोणती हे आधी पाहावे लागते. राठ त्वचेला 'ह्र्यूवुर', भरड वाळूला किंवा जाड्याभरड्या कापडाला 'ग्रोवुर', खवळलेल्या समुद्राला 'ऊविन', उंचसखल जमिनीला 'ओस्ल्येत्तुर' म्हणतात. घोगऱ्या आवाजासाठी 'ह्र्यूवुर' चालतो, पण घसा बसलेला असेल तर 'राउमुर' हा निराळा शब्द येतो. ढोबळ अंदाज 'ग्रोवुर'च्या नपुंसकलिंगी रूपाने सांगितला जातो. कच्च्या मसुद्याला मात्र विशेषणच लागत नाही. त्याला 'उप्पकास्त' हे स्वतंत्र नाम आहे.

वरील परिच्छेद लिहिताना मराठीतही एकच शब्द पुरला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. राठ, भरड, खवळलेला, उंचसखल, घोगरा, ढोबळ, कच्चा हे सारे शब्द मराठी वाचकाला सहज वाटतात. त्यांतील कोणताही दुसऱ्याच्या जागी बसत नाही. म्हणजे या बाबतीत मराठी आणि आइसलँडिक एका बाजूला आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूला अशी विभागणी होते. इंग्रजी स्पर्श करणाऱ्याच्या अनुभवाला नाव देते आणि उरलेल्या दोन्ही भाषा स्पर्श झालेल्या वस्तूला नाव देतात, असे ढोबळमानाने म्हणता येईल. मराठीने पुढे 'रफ वही', 'रफ काम' असे म्हणत तो इंग्रजी शब्दही आपलासा केला. आइसलँडिकच्या लिखित परंपरेत भाषाशुद्धीचा आग्रह प्रबळ असल्याने साहित्यिक भाषांतरकाराला ही पळवाट सहसा उपलब्ध नसते.

अडचण एकेका वाक्यात नसते. ती पुनरुक्तीत असते. इंग्रजी कादंबरीकार पहिल्या प्रकरणात नायकाच्या हातांना 'रफ' म्हणतो, पाचव्यात समुद्राला आणि शेवटी त्याच्या प्रेमाला. वाचकाच्या मनात या तिन्हींना जोडणारा एक पूल आपोआप तयार होतो. आइसलँडिक भाषांतरकाराने प्रत्येक ठिकाणी अचूक शब्द योजला तर हात, समुद्र आणि प्रेम तीन वाटांनी जातात. तिन्ही ठिकाणी 'ह्र्यूवुर' ठेवला तर समुद्राचे वर्णन कानाला खटकते. अचूकता आणि सातत्य यांपैकी एकाचा त्याग येथे अटळ ठरतो.

शेक्सपिअरच्या 'द टेंपेस्ट' या नाटकाच्या पाचव्या अंकात प्रॉस्परो आपल्या जादूविद्येला हेच विशेषण लावतो. तिचा त्याग करण्याच्या क्षणी तो तिला असे म्हणतो, हे महत्त्वाचे आहे. त्या शब्दात वादळी समुद्र आहे, अनघडपणा आहे आणि हिंसेची छटाही आहे. 'ग्रोवुर' घेतला तर विद्या ओबडधोबड, काहीशी असभ्य ठरते. 'ह्र्यूवुर' घेतला तर ती केवळ स्पर्शाला राठ होते. 'ऊविन' घेतला तर वादळ येते, परंतु स्वतःच्या सामर्थ्याविषयीचा कमीपणा हरवतो. शेक्सपिअरची सर्व नाटके आइसलँडिकमध्ये आणणाऱ्या हेल्गी हाल्व्दानारसोन यांच्यासारख्या भाषांतरकाराच्या कामाचा आवाका अशा एकेका विशेषणापाशी ध्यानात येतो.

२. गमावलेले आणि मिळवलेले पूल

तथापि आइसलँडिकमध्ये पूल नाहीतच असे समजणे चुकीचे होईल. तिचे पूल वेगळ्या ठिकाणी बांधलेले आहेत. 'ऊविन' हा शब्द खवळलेल्या समुद्रासाठी येतो, तसाच विस्कटलेल्या केसांसाठी, काटेरी पृष्ठाच्या लाव्हासाठी आणि बिघडलेल्या मनःस्थितीसाठीही येतो. मूळ इंग्रजीत या चार ठिकाणी चार विशेषणे असतील, तर आइसलँडिक वाचकाला मूळ लेखकाने न बांधलेला पूल मिळतो. 'लोदिन' म्हणजे केसाळ, लोकरीने किंवा गवताने भरलेले. टाळाटाळ करणारे, मोघम उत्तरही 'लोदिन' असते. 'स्तामुर' हा शब्द ज्यावरून पाय घसरत नाही अशा पृष्ठभागाला लावतात आणि अडखळत बोलणाऱ्या माणसालाही लावतात. पृष्ठाचा अडसर आणि वाणीचा अडसर एका शब्दात आणणारी ही सोय इंग्रजी 'रफ'मध्ये नाही.

व्युत्पत्तीच्या अंगानेही एक चमत्कारिक वस्तुस्थिती समोर येते. इंग्रजी 'रगेड' हा शब्द स्कँडिनेव्हियन मूळचा असावा आणि प्राचीन नॉर्समधील 'रॉग्ग', म्हणजे लोकरीचा झुबका, या शब्दाशी त्याचे नाते असावे, असे मानले जाते. परंतु 'रगेड' डोंगरकड्याचे वर्णन आइसलँडिकमध्ये करताना 'रॉग्ग' उपयोगी पडत नाही. आज तो शब्द प्रामुख्याने धडाडी, तडफ या अर्थी वाक्प्रचारांत आढळतो. उलट प्राचीन इंग्रजीत 'ह्र्यूवुर'चा सगोत्र 'ह्रेओफ' होता. खरबरीत आणि कुष्ठाने ग्रासलेला असे त्याचे अर्थ होते. आधुनिक इंग्रजीने तो गमावला. शब्दांचे नाते सांगता आले म्हणून त्यांच्या अर्थांची देवघेव होतेच असे नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

३. भूमी, लोकर आणि शब्द

आइसलँडिक स्पर्शशब्द वस्तूला इतके घट्ट का चिकटलेले आहेत, याचे एक उत्तर त्या देशाच्या भूमीत आणि श्रमांत शोधता येते. गोठण्या-वितळण्याच्या चक्रामुळे तेथील गवताळ जमिनीवर लहान लहान उंचवटे तयार होतात. त्यांना 'थूवा' म्हणतात आणि अशा उंचवट्यांनी भरलेली जमीन म्हणजे 'थीव्दुर' जमीन. गवत कापणाऱ्या शेतकऱ्याला ही जमीन सपाट करणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम होते. १९२१ मध्ये आइसलँडमध्ये आलेल्या अवजड नांगरणी-यंत्राचे नावच 'थूप्नाबानी', म्हणजे उंचवट्यांचा मारेकरी, असे पडले. गुळगुळीत या अर्थाचा 'स्ल्येत्तुर' हा शब्द सपाट या अर्थीही येतो आणि त्याचेच क्रियापद जमीन सपाट करण्यासाठी वापरले जाते. तेव्हा इंग्रजी 'स्मूद'चे भाषांतर 'स्ल्येत्तुर' करताना कष्टाने सपाट केल्याची एक पुसट छटा सोबत येऊ शकते.

लाव्हाचेही तसेच. टोकदार, ओबडधोबड पृष्ठाच्या लाव्हाला 'आपाल्ह्रॉइन' आणि सपाट फरशीसारख्या लाव्हाला 'हेत्लुह्रॉइन' अशी स्वतंत्र नावे आहेत. जागतिक भूशास्त्राने याच भेदासाठी हवाई बेटांतील 'आआ' आणि 'पाहोएहोए' हे शब्द स्वीकारले. दख्खनच्या बेसाल्टचे वर्णनही संशोधक याच शब्दांत करतात. इंग्रजी लेखकाने नुसते 'रफ लाव्हा' लिहिले तर आइसलँडिक भाषांतरकाराला मुळात नसलेला निर्णय घ्यावा लागतो. तो 'ऊविन' हे विशेषण ठेवून मोघम राहू शकतो, किंवा 'आपाल्ह्रॉइन' म्हणून मूळ लेखकापेक्षा अधिक जाणू शकतो.

आइसलँडिक मेंढीच्या अंगावर दोन थर असतात. बाहेरचे लांब, राठ केस म्हणजे 'तोग' आणि आतली मऊ, बारीक लोकर म्हणजे 'थेल'. या विशेषणांची कामे नामे करतात. इंग्रजीतील 'कोर्स वूल' या जोडशब्दाला येथे एकच नाम पुरेसे होऊ शकते. विशेषणाचे भाषांतर विशेषणानेच करावे हा नियम अशा वेळी निरर्थक ठरतो. एमिली ब्राँटेच्या 'वुदरिंग हाइट्स'चे आइसलँडिक शीर्षक 'फीकुर इविर हाइदिर' असे आहे. मूळ शीर्षकातील बोलीभाषेतले विशेषण तेथे क्रियापद झाले आहे. टेकड्यांवरून वाऱ्याने काही उडत जाते आहे, एवढेच ते शीर्षक सांगते आणि तेवढ्याने हवेचा सारा रांगडेपणा उभा राहतो.

४. ध्वनी आणि छंद

बोडो विंटर, मार्टोन शोश्कुती, मार्कस पर्लमन आणि मार्क डिंगेमान्से यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३३२ भाषांची सामग्री तपासली. कंपित 'र' असलेल्या भाषांत खडबडीतपणाच्या शब्दांत 'र' येण्याची प्रवृत्ती ठळकपणे आढळते, असे त्यांनी दाखवले. 'खरखरीत', 'खरबरीत' हे शब्द आपल्या कानाला याची साक्ष देतात. आइसलँडिकमध्ये पुल्लिंगी प्रथमेचा 'उर' हा प्रत्यय अनेक विशेषणांना लागतो. म्हणून तेथे धातुभागातील 'र' तेवढा विचारात घ्यावा लागतो. 'ह्र्यूवुर' आणि 'ग्रोवुर' यांत तो आहे, 'स्ल्येत्तुर'मध्ये नाही. शिवाय 'ह्र्यूवुर'च्या आरंभीचा 'ह्र' अघोष आहे, श्वासाने घासला जाणारा आहे. इंग्रजीने हा ध्वनी केव्हाच टाकून दिला. या एका ठिकाणी भाषांतर मुळापेक्षा अधिक खरखरीत होऊ शकते.

पद्यात आणखी एक बंधन येते. पारंपरिक आइसलँडिक पद्यात पहिल्या ओळीतील दोन आणि दुसऱ्या ओळीतील एक आघातयुक्त अक्षर यांचा आद्यध्वनी जुळावा लागतो. या व्यवस्थेत सर्व स्वर परस्परांशी जुळतात. त्यामुळे 'ऊविन' आणि 'ओस्ल्येत्तुर' हे शब्द कवीला सोयीचे असतात. 'स्त'ने आरंभ होणारा 'स्तामुर' मात्र केवळ 'स्त'शीच जुळतो. अर्थाने योग्य ठरलेला शब्द छंदामुळे बाद होणे येथे नेहमीचे आहे.

५. समारोप

'टेक्स्चर' या शब्दाचे मूळ विणकामात आहे आणि 'टेक्स्ट'चेही तेच. मराठीत 'पोत' कापडाचा असतो आणि गद्याचाही. आइसलँडिक 'आउफेर्द' या शब्दाचे घटक मात्र 'वर' आणि 'प्रवास' असे आहेत. पृष्ठावरून होणारी वाटचाल असे त्याचे चित्र मनात उभे करता येते. विणकाम तेथे दुसऱ्या जागी भेटते. सुतातील किंवा कापडातील गाठीला 'ह्नॉक्री' म्हणतात आणि लेखनातील खटकणाऱ्या जागांनाही तेच म्हणतात. चांगल्या भाषांतराला 'ह्नॉक्रालॉइस', म्हणजे गाठी नसलेले, म्हणून गौरवले जाते. भाषांतर करणे या अर्थाचे 'थीदा' हे क्रियापद आणि मृदू, सुखावह या अर्थाचे 'थीदुर' हे विशेषण यांचे ध्वनिसाम्यही सूचक आहे. भाषाच जणू भाषांतरकाराला मऊपणाकडे ओढते. खडबडीत मजकूर गुळगुळीत करून देणाऱ्याची अशी प्रशंसा होत असेल, तर खडबडीतपणा जपणाऱ्याने गाठी राखण्याचे धैर्य दाखवले पाहिजे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या हाल्दोर लाक्सनेस यांच्या साहित्याशी भारतीय वाचकाचा परिचय प्रायः इंग्रजीतूनच होतो. 'ऊविन', 'ह्र्यूवुर', 'ग्रोवुर' या तिन्हींच्या जागी इंग्रजीत 'रफ' आला आणि त्यावरून मराठीत सरसकट 'खडबडीत' उतरला, तर मधल्या भाषेचा सपाटपणा दोन्ही टोकांच्या समृद्ध भाषांवर लादला जाईल. खवळलेला, राठ, भरड हे शब्द मराठीत आधीपासून तयार आहेत. प्रत्येक ठिकाणी मुळात कोणती वस्तू हाताखाली होती, एवढे विचारण्याची तसदी भाषांतरकाराने घ्यावयाची आहे.