विश्लेषण : ‘जे-१’ व्हिसाची दोन वर्षांची अट डॉक्टरांना सुटली का?

नाही. परळच्या केईएममध्ये एमबीबीएस करून ‘जे-१’ व्हिसावर अमेरिकेत रेसिडेन्सी करणाऱ्या डॉक्टरला प्रशिक्षणानंतर एकूण दोन वर्षे भारतात राहावे लागते. तोवर ‘एच-१बी’ किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही.

मग बदलले काय? ९ डिसेंबर २०२४ पासून अमेरिकेच्या कौशल्य यादीतून भारत वगळला गेला. त्यामुळे केवळ त्या यादीमुळे अडकलेले संशोधक सुटले. डॉक्टर आणि सरकारी निधी घेतलेले नाहीत. भारत सरकारचे ना-हरकत पत्रही डॉक्टरांना चालत नाही.

त्यांच्यासाठी मुख्य वाट ‘कॉनरॅड ३०’ : प्रत्येक राज्यात वर्षाला ३० जागा, डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे पूर्णवेळ नोकरी. काही राज्यांत जागा लवकर भरतात. म्हणून प्रशिक्षण संपण्याच्या वर्षभर आधीच नोकरी शोधावी लागते.