जेवणाचे टेबल आणि इंदापूरचे शिवार

लेखांक सातवा

मागच्या लेखांकात रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त पाहिला. मशागतीचा खर्च आणि शेतकऱ्याचा वाजवी नफा वजा केल्यावर जमिनीतून जे उरते तो खंड, आणि त्यावर कर बसवला तरी शेतीचे काही बिघडत नाही, असे त्याचे गणित होते. हा सिद्धान्त पुस्तकात छापला गेला १८१७ साली. पण त्याची खरी परीक्षा झाली ती दोन ठिकाणी. एक लंडनमधल्या जेवणाच्या टेबलाभोवती, दुसरी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या काळ्या रानात.

टेबल होते पोलिटिकल इकॉनॉमी क्लबचे. अर्थतज्ज्ञांची जगातली अगदी सुरुवातीची संघटना म्हणता येईल अशी ही मंडळी एप्रिल १८२१ मध्ये एकत्र आली. आदल्याच वर्षी लंडनच्या व्यापाऱ्यांनी खुल्या व्यापारासाठी पार्लमेंटकडे अर्ज केला होता. तो लिहिणारा टॉमस टूक हाच क्लबच्या उभारणीत पुढे होता. टूक रशियाशी व्यापार करणारा, डेव्हिड रिकार्डो शेअरबाजारात पैसा मिळवून पार्लमेंटात गेलेला, माल्थस धर्मोपदेशक आणि प्राध्यापक, जेम्स मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीतला अधिकारी, जॉर्ज ग्रोट बँकवाला, रॉबर्ट टॉरेन्स फौजेतला. अर्थशास्त्र हा तेव्हा कुणाचा पूर्णवेळचा धंदा नव्हताच म्हणा ना.

सभासदसंख्येची मर्यादा तीस. डिसेंबर ते जून महिन्यातून एकदा जेवण, आणि जेवणानंतर एक प्रश्न. प्रश्न सभासदानेच मांडायचा. इतिवृत्तात प्रश्न नोंदला जाई, कोण काय बोलले ते नाही. त्यातले बरेचसे आपल्याला कळते ते जॉन लुईस मॅलेट नावाच्या एका सभासदाने घरी जाऊन रोजनिशी लिहिली म्हणून.

अशा क्लबात सभासदाला मिळत काय होते? ओळखी मिळत, सरकारदरबारी वजन मिळे, हे उघड आहे. पण मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच लाभ. तिथे आपले म्हणणे खोडून काढणारा माणूस समोरच बसलेला असे. क्लब खुल्या व्यापाराचा, पण त्याच्या पहिल्या सभासदांतला माल्थस हा धान्याच्या आयातीवरील जकातीची बाजू घेणारा. रिकार्डो आणि तो दहा वर्षे पत्रांतून भांडत होते. बाजारात एकूणच मालाला उठाव नाही अशी वेळ येऊ शकते का, यावर त्यांचे अखेरपर्यंत जमले नाही. सप्टेंबर १८२३ मध्ये रिकार्डो वारला, त्याच्या थोडेच दिवस आधी त्याने माल्थसला लिहिलेल्या पत्रातही वाद आहे आणि मैत्रीला त्या वादाने काही बाध आला नाही याची कबुलीही आहे. स्वतःच्या खोलीत एकट्याने विचार करणाऱ्याला असा प्रतिपक्ष कुठून मिळणार?

जानेवारी १८३१ मध्ये टॉरेन्सने या टेबलावर फार धीट प्रश्न टाकला. रिकार्डोच्या पुस्तकानंतर या शास्त्रात काय सुधारणा झाली, आणि त्याने मांडलेल्या तत्त्वांपैकी आज किती खरी मानली जातात? टॉरेन्सचे स्वतःचे मत असे, की मूल्य, खंड, नफा ही रिकार्डोची मोठी तत्त्वे एकामागून एक सोडून द्यावी लागली आहेत. ज्याला गुरू मानले त्याच्याविषयी त्याच्याच क्लबात, त्याच्या मागे सात वर्षांनी, असे बोलता येणे ही मोठी गोष्ट आहे.

आता पुणे जिल्ह्यात या. जेम्स मिल कंपनीच्या लंडन कचेरीत महसुलाचे खलिते तयार करीत असे. सारा निव्वळ उत्पन्नावर, म्हणजे रिकार्डोच्या खंडावर, बसवावा हा त्याचा आग्रह. आणि कंपनीचे तरुण अधिकारी ज्या हेलीबरी कॉलेजात घडत, तिथे अर्थशास्त्र शिकवायला होता माल्थस. हेलीबरीतून आलेल्या रॉबर्ट प्रिंगलने १८२०च्या दशकात दख्खनमध्ये मोजणी केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे पीक किती, बैलांचा, बियाण्याचा, मजुरीचा खर्च किती, हे काढून उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारचे, असा हिशेब. कागदावर तो निर्दोष होता. शिवारात मोजणी चुकली, खालच्या कारकुनांनी हात मारले, आणि आकारणी इतकी चढी बसली की कुणबी जमिनी टाकून निघून गेले. म्हणजे लंडनमध्ये खंडाचा सिद्धान्त अजून टिकतो का हा प्रश्न निघाला, त्याच सुमारास इंदापूरकडे त्या सिद्धान्ताच्या नावाने सारा आकारला जात होता.

१८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम केले. निव्वळ उत्पन्नाचा शोध त्यांनी सोडला. जमिनीची प्रतबंदी केली, मागच्या वर्षांत खरोखर वसूल किती झाला ते पाहिले, दर उतरवले आणि ते तीस वर्षांसाठी कायम केले. सिद्धान्ताची दुरुस्ती टेबलावरच्या वादाने जितकी झाली, तितकीच ओस पडलेल्या रानाने केली. त्या रानातला एकही माणूस तीस सभासदांत नव्हता, आणि माझ्या मते क्लबाची मोठी उणीव हीच.

पुण्याने पुढे या उणिवेला एक उत्तर दिले. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेली सार्वजनिक सभा हा काही अर्थतज्ज्ञांचा क्लब नव्हे, पण शेतसारा, दुष्काळ, कर्जबाजारीपणा यांचा अभ्यास तिने ज्या चिकाटीने केला तो कुठल्याही क्लबाला शोभावा. तिचा सभासद व्हायचे तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. लंडनला सभासदाची निवड आतले सभासद करीत, पुण्यात बाहेरचे पन्नास जण करीत. न्यायमूर्ती रानडे या सभेत वावरले, आणि १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात त्यांनी ठामपणे मांडले की विलायती अर्थशास्त्राची तत्त्वे सर्व देशांना, सर्व काळी जशीच्या तशी लागू होत नाहीत. हे धैर्य नुसत्या ग्रंथवाचनातून आले असेल असे मला वाटत नाही.

आज मराठीतून अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी मराठी अर्थशास्त्र परिषद आहे. तिचे वार्षिक अधिवेशन भरते, ‘अर्थसंवाद’ हे तिचे नियतकालिक आहे. सभासदत्वाचा फायदा काय, असे तरुण प्राध्यापक विचारतात तेव्हा पुष्कळदा त्यांच्या मनात प्रमाणपत्र असते, बढतीसाठी लागणारे गुण असतात. तीही गरज खरी आहे, तिला नावे ठेवू नयेत. पण निबंध वाचून झाल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी उठून ‘आमच्या तालुक्यात असे घडत नाही’ म्हणतो, त्यासाठी वर्गणी भरावी. तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे: परिषदेचे सभासद व्हा, आणि पुढच्या अधिवेशनाला जाण्याआधी आपल्या गावातल्या दहा शेतकऱ्यांचा या वर्षीचा जमाखर्च वहीत उतरवून घ्या. ती वही बरोबर न्या.

(पुढील लेखांकात : केंब्रिजमधला केन्सचा क्लब)