दोनशेतली एक पुंगळी

पहाटे ५. इंदापूरच्या एसटी स्टँडवर सोळा कॅडेट उभे. नाश्ता कुणाचाच झालेला नाही, केसांना तेल मात्र सगळ्यांच्या आहे. आज एनसीसीचं फायरिंग. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. एनसीसीच्या कागदांवर तेवढं माझ्या नावामागे लेफ्टनंट लागतं. बारामती गाडी निमगाव केतकी, लासुर्णे करत निघाली आणि भवानीनगरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. गाळप हंगामात या रस्त्यावर घाई करून उपयोग नसतो.

७. रेंजवर बारामतीचे चोवीस येऊन मिळाले. चाळीस जण, प्रत्येकी ५ फैरी, म्हणजे २०० गोळ्या. उस्तादांनी, म्हणजे लष्करी प्रशिक्षकांनी, मोजल्या, मग मी मोजल्या, दोघांच्या सह्या झाल्या. टेकडीच्या पोटाला मुरमाचा उंच बांध, त्यावर लाल निशाण, २५ मीटरवर टारगेट.

७.३०. ट्रकमधून दोन जातींच्या रायफली उतरल्या. एक कवायतीची थ्री नॉट थ्री. ती आता गोळी झाडू शकत नाही. रांगेत थांबलेल्यांनी पालथं पडून तिच्यावर सराव करायचा. एका मुलीनं बोल्टच्या मुठीखालची पट्टी चिंधीनं पुसली. खाली मुकुट, त्याखाली जॉर्ज राजाची आद्याक्षरं, मग इशापूर कारखान्याची खूण आणि १९४२.

“सर, या साली माझ्या पणजोबांचं लग्न झालं!”

मग बाकीचेही आपापल्या रायफलीवरचं साल शोधायला लागले. स्वातंत्र्यानंतर घडवलेल्या एकीवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह निघाले. कारखाना तोच, बंगालमधला. राज्य बदललं ते लोखंडावर एवढंसं दिसतं. वर्गात नकाशा लावून मला हे इतक्या पटकन दाखवता आलं नसतं.

८. गोळी झाडणारी दुसरी, पॉइंट टू टू. आमच्या वाट्याला आलेली रायफल अंगानं जुनी थ्री नॉट थ्रीच. फक्त नळी बारीक गोळीची. एकेक गोळी हातानं भरायची. खाली मॅगझिन दिसतं, पण आतून ते रिकामं खोकं. उडालेली पुंगळी त्यात पडावी एवढंच त्याचं काम. वजन चार किलोच्या आसपास. पोरींना ती जड जाईल म्हणणाऱ्यांनी यांना ऊस तोडून मोळ्या बांधताना पाहिलेलं नसावं.

८.३०. “लेट के पोजिशन!” पाच जण आडवे. उस्तादांच्या हिंदीत नेम धरायला ‘शिस्त लेना’ म्हणतात. हा अर्थ मराठीनं उचलायला हवा होता, असं मला दरवर्षी वाटतं. श्वास अर्धा सोडून थांबव, बोट ओढू नको, हळूहळू दाब. पहिल्या फैरीला बहुतेकांचे डोळे मिटतात. तिसऱ्या फैरीला एखाद्याचा खांदा सैल पडतो आणि कागदावरची भोकं एकमेकांजवळ यायला लागतात. निमगावच्या एका पोराच्या पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. मागून कुणीतरी स्वप्निल कुसाळेचं नाव घेतलं. कांबळवाडीच्या त्या पोरानं २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं, तेव्हापासून हे नाव प्रत्येक रेंजवर निघतंच.

११. चहा. “सर, अशी एक घरी ठेवता येते का?” हा प्रश्नही दरवर्षीचा. थ्री नॉट थ्री ही लष्कराची गोळी. साध्या परवान्यावर ती मिळत नाही. म्हणून तर आपल्या सरकारी कारखान्यांनी नागरिकांसाठी त्याच घडणीची ३१५ बोअरची रायफल काढली. आणि वाड्यातली पणजोबांची ठासणीची? दुरुस्त करूनही उडणार नाही अशी पुराणवस्तू १९५९च्या कायद्यात परवान्यातून सुटते. उडणारी वापरायची किंवा बाहेर न्यायची तर परवाना हवाच. “माळ्यावर सापडली” हे पोलीस ठाण्यात उत्तर होत नाही. परदेशात लोक अशा जुन्या लष्करी रायफली हौसेनं जमवतात आणि रविवारी चांदमारीला नेतात. आपल्याकडे ही हौस बहुतेकांना अशीच भागवावी लागते, वर्षातून पाच गोळ्यांवर.

१२.३०. शेवटची पाळी संपली. “खाली कर! निरीक्षण के लिए जाँच शस्त्र!” पुंगळ्या मोजल्या तर १९९.

पुन्हा मोजल्या. १९९च.

१. चाळीस जण ओळीनं गुडघ्यांवर, गवत चाचपत. बाह्यांच्या घड्या, बुटांचे काठ, डब्यांच्या पिशव्या, सगळं पाहून झालं. ऊन डोक्यावर. एक पोरगा रडवेला, कारण शेवटची गोळी त्याची होती. उस्ताद एक शब्द बोलले नाहीत, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

१.४०. पणजोबांच्या लग्नवाली मुलगी म्हणाली, “सर, खोक्यात?” उस्तादांनी तिसऱ्या नंबरच्या रायफलीचं मॅगझिन काढून तळहातावर आपटलं. काही नाही. दुसऱ्यांदा आपटलं, तेव्हा कोपऱ्यात तिरकी अडकलेली पुंगळी टप्पकन बाहेर आली.

३. नळीत दोरी ओढून चिंधी स्वच्छ निघेपर्यंत सफाई. बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर जुळवून पाहिला. एकीचा बोल्ट दुसरीला घालायचा नसतो.

४.१५. रजिस्टर. फैरी २००, पुंगळ्या २००. सही.