टीबीची गोळी आणि हृदयाची गोळी
गोंदियाच्या केटीएस रुग्णालयात काय किंवा देवरी-सालेकसाकडच्या सरकारी दवाखान्यात काय, क्षयाचे औषध मोफत मिळते. त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, ते रोग्याला दिसते. हृदयासाठी चालू असलेल्या डिगॉक्सिनचे ते काय करते, ते मात्र दिसत नाही.

डिगॉक्सिनच्या उपयोगी आणि घातक मात्रेत अंतर फार थोडे, म्हणून ही जोडी तपासणे भागच होते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात 8 निरोगी पुरुषांना 1 मिलिग्रॅम डिगॉक्सिन दिले. एकदा तोंडाने, एकदा शिरेतून. मग रोज 600 मिलिग्रॅम रिफाम्पिसिन 10 दिवस, आणि पुन्हा तीच मोजणी. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच. तोंडाने घेतलेले डिगॉक्सिन रक्तात बरेच कमी पोचले. शिरेतून दिलेल्यावर परिणाम त्यामानाने किरकोळ. म्हणजे चोर आतड्यात! तिथले पी-ग्लायकोप्रोटीन, म्हणजे औषध पेशीतून परत आतड्यात ढकलणारे प्रथिन, सरासरी साडेतीन पट वाढले होते. या प्रयोगातली खरी हुशारी मला त्या शिरेच्या सुईत वाटते.

वॉरफेरिनचे प्रकरण वेगळे. रक्त गोठू न देणारे हे औषध रिफाम्पिसिनमुळे यकृतात लवकर संपते, म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. क्षयाचा कोर्स संपला की काही आठवड्यांत तो परिणाम ओसरतो आणि वाढवलेला डोसच रक्तस्राव घडवू शकतो. त्यामुळे आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची, तपासणी कोर्सनंतरही चालू ठेवावी लागते.