फाटक बंद, पोट मात्र चालू

चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याला वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहू लागते. काठावर जुन्या दगडी देवळांचा समूह आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. इथून आष्टी, आलापल्ली अशी वाट धरली की पुढे भामरागडच्या रस्त्यावर हेमलकसा लागते. उलट दिशेला, चंद्रपूरच्या पलीकडे ताडोबाचे जंगल. देवदर्शन, वाघ आणि आमट्यांच्या प्रकल्पातले प्राणी असा बेत आखून निघालेल्या गाड्या या भागाला नवीन नाहीत.

मार्च २०२० मध्ये ही तिन्ही दारे बंद झाली, पण तिन्ही ठिकाणचा परिणाम सारखा नव्हता. देवळात पुजाऱ्याने सांजवात केली की दिवस निभावत होता. राज्यातली मंदिरे भाविकांसाठी उघडली ती थेट १६ नोव्हेंबर २०२० रोजी. ताडोबातल्या वाघाला टाळेबंदीची खबरही नव्हती. त्याची शिकार तो स्वतः करतो. तिथे पोटाला चिमटा बसला तो जिप्सीचालक, गाइड आणि रिसॉर्टमधल्या कामगारांना. पिंजऱ्यातल्या बिबट्याची गोष्ट मात्र अगदी निराळी. त्याचे जेवण माणसाने आणून दिले तरच येते, आणि ते आणायला लागणारा पैसा बऱ्याच ठिकाणी फाटकावरच्या तिकिटातून किंवा पाहुण्यांच्या देणगीतून येतो. फाटक बंद झाले, पोट मात्र चालूच राहिले.

माकडाच्या पिल्लापासून

हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू केला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याची महारोगी सेवा समिती ही त्याची मातृसंस्था. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्याने माडिया गोंड आदिवासींसाठी तिथे दवाखाना उभा केला. त्याच सुरुवातीच्या वर्षांत शिकारीहून परतणारे काही आदिवासी डॉ. प्रकाश आमटे यांना जंगलात भेटले. मारलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले होते. त्यांनी ते पिल्लू मागून घेतले, आणि शिकारीत आई गमावलेले पिल्लू खाण्याऐवजी आमच्याकडे आणा, बदल्यात धान्य घ्या, असा पायंडा पडला. बिबटे, अस्वले, तरस, कोल्हे, हरणे, साळिंदर, मगरी, साप असा परिवार त्यातून वाढत गेला. पुढे त्याला ‘आमटेज ॲनिमल आर्क’ हे नाव मिळाले.

बाहेरच्या माणसाला सहज वाटते, की पैसा कमी पडत असेल तर या प्राण्यांना जंगलात सोडून द्यावे. ते शक्य नसते. बाटलीने दूध पिऊन वाढलेल्या बिबट्याला शिकारीचे धडे आईकडून मिळालेले नसतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्याला माणसाची भीती उरलेली नसते. असा बिबट्या सोडला तर तो भुकेला होऊन गावाकडेच येणार. त्यात त्याचाही जीव जातो आणि एखाद्या लेकराचाही जाऊ शकतो. म्हणून असा प्राणी एकदा हातात घेतला की तो आयुष्यभर सांभाळावा लागतो. पिंजऱ्यातला बिबट्या वीस वर्षांपर्यंत जगू शकतो.

कपात नेमकी कशात करायची?

टाळेबंदीत कारखान्याने यंत्रे थांबवली, हॉटेलने चुली विझवल्या. प्राणिसंग्रहालयाची तुलना रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाशीच होऊ शकते. तिथे भेटायला येणारे नातेवाईक थांबवता येतात, प्राणवायू थांबवता येत नाही. पूर्ण वाढलेल्या वाघाला दिवसाला साधारण ८ ते १० किलो मांस लागते. आठवड्यातला एक दिवस त्याला उपवास असतो, पण तो पचनासाठी, काटकसरीसाठी नव्हे. हत्तीचा चारा रोज शंभर किलोच्या पुढे जातो. शिवाय पाणी, वीज, औषधे, पशुवैद्यक आणि रोज पिंजरा धुणारा, प्राण्याची नजर ओळखणारा रखवालदार. प्रेक्षक शून्य झाले म्हणून यातला एकही खर्च कमी होत नाही.

मग हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली नजर खाण्यावर जाते. तिथेच शरीरशास्त्र आडवे येते. वाघ, सिंह, बिबटे ही मांजरकुळातली मंडळी केवळ सवयीने मांस खातात असे नाही. टॉरिन नावाचा एक घटक त्यांच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो प्राणिज आहारातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचा स्नायू दुबळा होतो. गाजरातल्या पिवळ्या रंगद्रव्यापासून आपले शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते, मांजरकुळाला तेही जमत नाही. माकडांची गोष्ट आपल्यासारखी. ‘क’ जीवनसत्त्व त्यांना आहारातूनच हवे, म्हणून फळे आणि हिरवा पाला बंद करून भागत नाही.

हाडांचेही तसेच. जंगलातला बिबट्या शिकार खातो तेव्हा मांसाबरोबर हाडे, यकृत, आतडी असे सगळे त्याच्या पोटात जाते. नुसत्या हाडाविना मांसात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. वाढत्या पिल्लाला महिनोन् महिने तेच घातले तर रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांमधून ते ओढून घेते. हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, साध्या उडीनेही मोडतात. मुडदूस झालेल्या मुलासारखीच ही अवस्था. स्वस्त ताटाची किंमत पुढे अशी चुकवावी लागते.

तिकीट कोणाचे, खर्च कोणाचा

महामारीत कोणते प्राणिसंग्रहालय तरले आणि कोणते बुडायला लागले, हे त्याच्या मालकावरून ठरले. मुंबईचा राणीचा बाग महानगरपालिकेचा, पुण्याचे कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालयही महापालिकेचे. कात्रजचे फाटक मार्च २०२० मध्ये बंद झाले ते मार्च २०२२ मध्ये उघडले. दोन वर्षे तिकिटे विकली गेली नाहीत, तरी प्राण्यांच्या खाण्याची सोय पालिकेच्या अंदाजपत्रकात होती. म्हैसूरच्या प्रसिद्ध प्राणिसंग्रहालयाची घडी वेगळी आहे. ते बव्हंशी स्वतःच्या तिकिटांवर चालते. त्यामुळे २०२० मध्ये मंत्र्यांना देणग्या गोळा कराव्या लागल्या आणि २०२१ मध्ये एका कन्नड चित्रपट अभिनेत्याला लोकांना ‘प्राणी दत्तक घ्या’ असे आवाहन करावे लागले. लोकांनी भरभरून प्रतिसाद दिला, ही त्यातली दिलासा देणारी बाजू.

परदेशात याहून बिकट प्रसंग आले. जर्मनीत नॉयम्युन्स्टर येथील प्राणिसंग्रहालयाला सरकारी अनुदानाचा आधार नव्हता. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या संचालिकेने, अगदीच निरुपाय झाला तर कोणते प्राणी मारून इतरांना खाऊ घालायचे याची यादी केली असल्याचे सांगितले आणि जग हादरले. तशी वेळ सुदैवाने आली नाही. इंडोनेशियातील बांडुंगच्या प्राणिसंग्रहालयाने वाघांच्या मांसाचा वाटा कमी केला आणि शेवटचा उपाय म्हणून हरणांचा विचार बोलून दाखवला. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे खर्च वाचवण्यासाठी असे प्राणी मारता येत नाहीत. कायदा जीव वाचवतो हे खरेच, पण तो ताटात काही वाढत नाही.

सर्वांत नाजूक जागा हेमलकशासारख्या संस्थांची. त्यांच्यामागे पालिका नाही, तिकिटाचा मोठा गल्लाही नाही. पाहुणा येतो, प्राणी पाहतो, दवाखाना आणि शाळा पाहतो, आणि जाताना पावती फाडतो. पाहुणाच आला नाही तर हा झरा आटतो. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की जगाशी संपर्क तुटतो, म्हणून साठवण करून ठेवण्याची सवय भामरागडच्या मुलखाला आहे. पण तांदूळ, गहू साठवता येतात. दूध, मांस, मासे साठवायला वीज लागते, आणि पावसात तीही बेभरवशाची.

फाटक बंद करणे चुकीचे होते का?

नाही, ते आवश्यकच होते. ५ एप्रिल २०२० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या नादिया या वाघिणीला कोरोनाची लागण झाल्याचे जाहीर झाले. लक्षणे नसलेल्या कर्मचाऱ्याकडून तिला संसर्ग झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. दुसऱ्याच दिवशी आपल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने देशभर दक्षतेच्या सूचना दिल्या. हा विषाणू आपल्या पेशींच्या ज्या ‘एसीई-२’ नावाच्या कडीला धरून आत शिरतो, ती कडी मांजरकुळात आपल्याशी बरीच मिळतीजुळती आहे. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातले ८ सिंह बाधित निघाले. ते बरे झाले. चेन्नईजवळच्या वंडलूरमध्ये मात्र ३ जून २०२१ रोजी नीला ही ९ वर्षांची सिंहीण दगावली. तिथल्या सिंहांमध्ये सापडलेला विषाणू डेल्टा प्रकारचा होता, म्हणजे त्या वेळी माणसांचे बळी घेणाराच.

प्राण्यांकडून माणसाला रोग होतात हे आपण ऐकून असतो. इथे गंगा उलटी वाहिली. पुढे जून २०२२ मध्ये हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने प्राण्यांसाठी ‘ॲन्कोव्हॅक्स’ ही कोरोना लस जाहीर केली. म्हणजे फाटक बंद करणे हा वैद्यकीय निर्णय योग्य होता. चूक एवढीच, की बंदीचा आदेश काढताना त्या बंदीचा खर्च कोण सोसणार, हे बहुतेक ठिकाणी कोणी लिहून ठेवले नव्हते.

बंदीतही तोंडे वाढत होती

चंद्रपूर, गडचिरोलीच्या लोकांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. टाळेबंदीत पर्यटक थांबले, माणूस आणि वाघ यांच्यातला संघर्ष थांबला नाही. राजुरा परिसरात अनेकांचे बळी घेणारा ‘आरटी-१’ हा वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये जेरबंद झाला आणि त्याची रवानगी नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात झाली. राज्याचे उत्पन्न आटलेले असतानाच एक ताट वाढले. असे पकडलेले वाघ आणि बिबटे सोडता येत नाहीत, मारता येत नाहीत. पिंजऱ्यात जागा मात्र मोजकीच.

अशा दाटीत रोग शिरला तर काय होते, हे डिसेंबर २०२४ च्या अखेरीस दिसले. गोरेवाड्यात ३ वाघ आणि १ बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले, बर्ड फ्लूचा ‘एच५एन१’ विषाणू. हे प्राणी चंद्रपूर जिल्ह्यातल्या संघर्षानंतर तिथे नेलेले होते. राज्यातल्या इतर केंद्रांनाही सावधतेचा इशारा द्यावा लागला. बाधित कोंबडीचे कच्चे मांस हा या रोगाचा मांजरकुळातला ओळखीचा मार्ग आहे. थायलंडमध्ये २००४ मध्ये एका व्याघ्र केंद्रात याच कारणाने शंभराहून अधिक वाघ गेले. जिथे पैशाची चणचण असते तिथे मांस स्वस्त पाहून घेतले जाते, त्याची तपासणी ढिली पडते. म्हणून प्राणिसंग्रहालयाची तिजोरी हा आरोग्याचाही विषय ठरतो. हा विषाणू सस्तन प्राण्यांत रुळला तर पुढचा धोका माणसालाच आहे.

पुढच्या बंदीआधी

पुढची साथ कधी येईल हे सांगता येत नाही, पण फाटके पुन्हा कधीतरी बंद होतील हे धरून चालायला हवे. काही गोष्टी आजच करता येण्याजोग्या आहेत. प्रत्येक मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयाने आणि अनाथालयाने निदान सहा महिन्यांच्या आहाराइतका राखीव निधी वेगळा ठेवावा आणि त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावू नये. संघर्षातून पकडलेला प्राणी ही सरकारची जबाबदारी आहे. त्याच्या उरलेल्या आयुष्याचा खर्च त्याला पकडण्याच्या निर्णयातच धरावा. मांस कुठून आले, कसे साठवले, याची नोंद रोज व्हावी. रखवालदारांची क्षयरोग तपासणी, लसीकरण आणि ताप-खोकला असताना भरपगारी सुटी यांची सोय हवी. सुटी घेतली तर दिवसाचा पगार बुडतो, म्हणून खोकत कामावर येणारा माणूस स्वतःसाठीही धोका आणि पिंजऱ्यातल्या सिंहासाठीही.

वाचकांच्या हातातही काही आहे. अनेक प्राणिसंग्रहालयांत प्राणी दत्तक योजना आहेत. दत्तक म्हणजे प्राणी घरी आणणे नव्हे, त्याच्या ताटाचा वाटा उचलणे. वाघाचा खर्च झेपला नाही तर मोर, कासव, साळिंदर आहेच. शाळेचा एक वर्ग किंवा गणेश मंडळ मिळूनही हे करू शकते. सर्दी-तापात प्राणी पाहायला जाऊ नये आणि पिंजऱ्यात खाऊ टाकू नये, हा त्यातला बिनखर्चाचा भाग.

मार्कंड्याच्या जत्रेला पुन्हा गर्दी होते, ताडोबाची बुकिंगे पुन्हा फुल्ल होतात. हेमलकशाच्या वाटेवरही गाड्या दिसतात. ज्या वर्षी आपण जाऊ शकलो नाही त्या वर्षीही तिथला बिबट्या संध्याकाळी जाळीपाशी येऊन बादलीच्या आवाजाची वाट पाहत असेल. सहल रद्द झाली तरी तिच्या खर्चातला थोडा भाग त्या बादलीसाठी पाठवता येतो.