अनुमान की अंदाज?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत २०११ साली 'सीसॅट' ही दुसरी प्रश्नपत्रिका आली. २०१५ पासून ती केवळ पात्रतेपुरती असली, तरी २०० पैकी किमान ६६ गुण मिळाले नाहीत, तर पहिल्या प्रश्नपत्रिकेतील घवघवीत यशही व्यर्थ ठरते. उताऱ्यांवरील प्रश्नांत परीक्षार्थी अडखळण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे अनुमान आणि अंदाज यांतील गल्लत.

समजा, उताऱ्यात म्हटले आहे : 'पाच वर्षांत तालुक्यातील विहिरी दुप्पट झाल्या, सिंचनाखालील क्षेत्र मात्र तेवढेच राहिले.' यावरून 'पाऊस घटला' हा पर्याय निवडण्याचा मोह होतो. तो वास्तवात खरा असूही शकेल. पण उताऱ्यात पावसाचा उल्लेखच नाही. 'नव्या विहिरींचा काहीच उपयोग झाला नाही' हेही टिकत नाही. त्या नसत्या तर क्षेत्र कदाचित घटले असते. 'दर विहिरीमागील सिंचित क्षेत्र सरासरीने निम्म्यावर आले' हे मात्र दिलेल्या विधानांतून अटळपणे निघते.

कसोटी एकच : उतारा खरा मानूनही पर्याय खोटा ठरू शकतो का? ठरत असेल, तर ते अनुमान नव्हे. 'सर्व', 'केवळ', 'कधीच नाही' अशा शब्दांचे पर्याय विशेष पारखून घ्यावेत.

चुकीच्या उत्तरासाठी त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण वजा होतात. पहिल्या प्रश्नपत्रिकेत तारणारे सामान्य ज्ञान येथे बाजूला ठेवणेच हिताचे.