परक्यांचं दान, नाशिकची लेणी

परदेशात रुजलेली माणसं तिथे आपलं देऊळ उभारतात. सिंगापूरचं श्री मारियम्मन मंदिर तमिळ वस्तीनं १८२७ मध्ये स्थापन केलं. नाशिकच्या पांडवलेणी या बौद्ध लेण्यांत मात्र उलटं घडलं : बाहेरून आलेल्यांनी इथल्या श्रद्धेसाठी डोंगर कोरवला.

• लेणे क्र. १७ : दात्तामित्रीचा, उत्तरेकडून आलेला यवन (ग्रीक) इंद्राग्निदत्त याचं दान. आईवडिलांच्या सन्मानार्थ त्यानं लेणं, चैत्यगृह आणि पाण्याची टाकी खोदवली. ब्राह्मी लेखात त्याच्यासोबत मुलगा धम्मरखित याचंही नाव आहे.

• लेणे क्र. १० : शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचं दान. त्यानं गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ३,००० कार्षापण (नाणी) कायम ठेवीत गुंतवले; मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढं वापरायचं. पैकी २,००० वर दरमहा शेकडा १ व्याज. त्यातून २० भिक्षूंना वर्षावासाच्या (पावसाळी मुक्कामाच्या) चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण.

• देवाब्राह्मणांनाही : याच उषवदातानं देव आणि ब्राह्मणांना १६ गावं दिली, तापी, दमण, डहाणूकडच्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या.

• कुठे : त्रिरश्मी डोंगर, मुंबई-आग्रा महामार्गालगत. एकूण लेणी २४.